चांदीतलं पान: उसनं आणि आपलं

हातघडणीच्या चांदीच्या दागिन्यांना सध्या बरे दिवस आहेत. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत जपानी वळणाचं गिंकोचं पंख्यासारखं पान, साकुराच्या पाकळ्या आणि क्रौंच हमखास भेटतात. काम नेटकं असतं, चांदीही बहुधा 925 ची. तरी माझी तक्रार आहे. यातली बरीचशी पानं घडवणाऱ्याने झाडावर नाही, फोटोत पाहिलेली असतात.

जपानी धातुकामाचा मोठेपणा नेमका उलट आहे. अकिताच्या शोआमी देन्बेईने (1651-1728) वेगवेगळ्या रंगांच्या धातूंचे थर तापवून एकजीव केले, कोरले, ठोकून सपाट केले आणि पत्र्यावर लाकडाच्या रेषा उमटवल्या. हेच मोकुमे-गाने. तलवारीच्या मुठीजवळच्या तळहाताएवढ्या चकतीवर तिथले कारागीर गवत, किडे, पाऊस कोरत. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा तोच हात दागिन्यांकडे आणि शोभेच्या वस्तूंकडे वळला. कानो नात्सुओसारखा उस्ताद पुढे तोक्योच्या कलाशाळेत शिकवू लागला. हत्यार गेलं, नजर टिकली.

आज आपल्याकडे जपानची जी गोष्ट रुजते आहे, ती मात्र 1990 च्या दशकातली: मित्सुबिशी मटेरियल्सने काढलेली चांदीची माती. चांदीची भुकटी, चिकटद्रव्य आणि पाणी. त्यावर खरं पान दाबायचं, वाळवायचं, भाजायचं. चिकटद्रव्य जळून शुद्ध चांदी उरते. मूळ प्रकार भाजताना पाव भागाहून जास्त आकसतो. घरच्या टेबलावर काम करणाऱ्यांना हिने दार उघडून दिलं, हे मान्यच करायला हवं. पण छाप शिरा देते, पानाचा बाक देत नाही. राळेवरच्या उठावकामात पत्रा तापवून मऊ करायचा, मागून ठोकून फुगवटा काढायचा, उलटून पुढून शिरा ओढायच्या. ठोकता ठोकता पत्रा कडक होतो, की पुन्हा विस्तव. त्या प्रत्येक फेरीत कारागीर पानाकडे पुन्हा बघतो. माझं मत या कामाच्या बाजूने आहे.

निसर्ग आपल्या दागिन्यांना परका कधीच नव्हता. कोल्हापुरी साजात बेलपान, कारलं, मासा, कासव आहेत. बकुळीहार आहे, बोरमाळ आहे. पण ही सगळी कल्पकता सोन्याच्या वाट्याला गेली. चांदी पायात राहिली. तिथेही मासोळ्यांनी बोटांवर मासे आणलेच, पण हिशेब वजनाचा आणि मजुरीचा. हुपरीसारखं अख्खं गाव पैंजणांवर उभं आहे, तिथल्या हातांत काय नाही? नक्षी सुचण्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यावर तर घडणीवर विचार करायला उसंतच उरली नाही.

अशा वेळी मला वसईतलं गास हे गाव महत्त्वाचं वाटतं, कारण धातूतलं फूल आणि जपान या दोन्हींच्या जुन्या खुणा या भागात आहेत. शेजारी सोपारा, जुनं बंदर. तिथल्या स्तूपात 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे तुकडे आणि सोन्याची फुलं. भिक्षापात्राच्या मानलेल्या खापरांवर वाहायला कुणीतरी या बंदरात एकेक पाकळी घडवली होती. आणि जपान? गासच्या चर्चला ज्याचं नाव आहे तो संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत मारला गेला. नातं चारशे वर्षांपूर्वीचं आहे.

या पट्ट्यात घडवण्यासारखं काय कमी आहे? सोनचाफ्याची अर्धी उमललेली कळी, पानवेलीचा ताणा, केळफुलाची उलटी वळलेली साल, बावखलाच्या पाण्यावर वाकलेली फांदी, खारफुटीची वर आलेली मुळं. यातलं चांदीत मला फारच थोडं दिसतं. जपानकडून गिंकोचं पान घेण्यापेक्षा त्यांची बघण्याची शिस्त घ्यावी: एकच झाड, चारही ऋतू.

यात गिऱ्हाईकाचाही वाटा आहे. पुढच्या वेळी चांदीचं पान हातात घ्याल, तेव्हा वजनाआधी विचारा, हे कुठल्या झाडाचं. उत्तर नीट मिळालं, तर घडणावळीत घासाघीस करू नका.