सूतीनचे गाव

गावाचे चित्र म्हटले की शाळेच्या ड्रॉइंगच्या तासाला काय काढायचे ते ठरलेलेच. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, कौलारू घर, विहीर. त्या विहिरीवर पाणी कोणाला भरू देतात, हा प्रश्न कागदावर येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या गौरवाचा बुरखा फाडला. आपली निसर्गचित्रे मात्र त्या भाषणाच्या अलीकडेच राहिली. म्हणून शाईम सूतीनची चित्रे मला मोलाची वाटतात.

सूतीन १८९३ चा. मिन्स्कजवळच्या स्मिलोविचीत, जुने कपडे शिवून देणाऱ्या गरीब ज्यू माणसाच्या अकरा मुलांतला दहावा. १९१३ साली पॅरिसला आला. माणूस हा त्याचा खरा विषय: हॉटेलातली पोरे, आचारी, मोलकरणी. पण १९१९ ते १९२२ या काळात पिरेनीजच्या पायथ्याशी, सेरे गावी राहून त्याने तिथली जमीन रंगवली. रंगवली कसली, पिळून काढली! घरे टेकडीवरून घसरताहेत, झाडे घरांच्या मानगुटीवर बसली आहेत, आभाळाला जेमतेम जागा. पाहणाऱ्याला पाय टेकायला सपाट भुई नाही. बांधावर उभा राहून आपले शिवार न्याहाळणाऱ्या मालकाची ही नजर नव्हे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला जमीन अशीच दिसत असणार.

काही समीक्षक याचा उलगडा सूतीनच्या पोटदुखीतून आणि विक्षिप्तपणातून करतात. दलित कवितेलाही 'वैयक्तिक कडवटपणा' म्हणून असेच बाजूला सारले गेले होते. पण उलट बाजूची घाईही नको. हिटलर सत्तेवर आला १९३३ साली. सेरेच्या चित्रांत त्या संहाराचे भाकीत वाचणे सोपे आहे, पण खोटे आहे. आणि ज्यूंचे दुःख तेच आपले, असे म्हणून मोकळे होणे हाही सैलपणाच. गावकूस ही आपली गोष्ट आहे, सेरेची नव्हे.

सूतीनला पुढे ही चित्रे नकोशी झाली. हाती लागतील तेवढी तो फाडून टाकी. मला हे पटत नाही, पण समजते.

१९३९ च्या सुमाराचे 'वादळानंतर शाळेतून परतताना' हे चित्र पाहा. रंगांचा झपाटा तोच, पण आता वाटेवर दोन लहान मुले आहेत. गाव आता नुसते कोसळत नाही. त्यातून कोणीतरी चालत घरी निघाले आहे. सेरेपेक्षा मला हे चित्र मोठे वाटते. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. सूतीन शाम्पिन्यी या खेड्यात लपून राहिला, तिथेही झाडे रंगवीत. पोटातला व्रण फुटला, तेव्हा त्याला पॅरिसला न्यावे लागले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, तो तिथेच वारला.