प्रकाशीय सक्रियता आणि कायरलता : पदवीस्तरीय मांडणीची चिकित्सा

पदवी स्तरावरील सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत प्रकाशीय सक्रियतेचे प्रकरण बहुधा असममित कार्बनच्या व्याख्येने सुरू होते. चार भिन्न गट जोडलेला कार्बन असला की रेणू सक्रिय, हे समीकरण त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसते. ते सदोष आहे. मेसो-टार्टारिक आम्लात असे दोन कार्बन असूनही ते ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवीत नाही. उलट १९२२ मध्ये ख्रिस्ती व केनर यांनी असा एकही कार्बन नसलेल्या बायफिनिल संयुगाचे सक्रिय समघटक वेगळे केले. रेणू आपल्या आरशातील प्रतिमेशी तंतोतंत जुळतो की नाही, हाच मूळ निकष होय. पाठ्यपुस्तकात तो उशिरा आणि ओझरता येतो.

वैभववाडी परिसरातील विद्यार्थ्याला कोकमाचे उदाहरण अधिक जवळचे ठरावे. लिंबातील सायट्रिक आम्ल कायरल नाही. त्याच्या एका मेथिलीन गटावर हायड्रॉक्सिल गट आला की हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल होते. त्यात दोन असममित केंद्रे असून चार समघटक संभवतात. कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतील मलबारी चिंचेच्या फळांत त्यांपैकी वामवलनी समघटक हे प्रमुख आम्ल असल्याचे लुईस व नीलकांतन यांनी १९६५ मध्ये दाखविले. कोकमातही तेच आम्ल आढळते. चारांपैकी हाच समघटक एटीपी-सायट्रेट लायेज या विकराला प्रभावीपणे रोखतो. आरशातील प्रतिमेचा प्रश्न केवळ कागदावरील आकृत्यांचा नाही, हे येथे उघड होते.

दुसरा घोटाळा चिन्हांचा. वलनाची दिशा मोजून कळते, विन्यास मात्र रचनेवरून ठरतो; दोहोंत थेट नाते नाही. स्नायूंतील लॅक्टिक आम्ल दक्षिणवलनी, पण विन्यास तोच राहूनही त्याचे क्षार वामवलनी असतात. तरीही लहान 'डी' आणि मोठा 'डी' यांची सरमिसळ उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते. (फळ्यावरही ती क्वचित दिसते!)

सायट्रिक आम्ल निष्क्रिय म्हणून पुस्तके त्याला तेथेच सोडून देतात. वास्तविक त्याच्या दोन सारख्या दिसणाऱ्या भुजांत विकर भेद करू शकते, हे ऑगस्टन यांनी १९४८ मध्ये स्पष्ट केले होते.

प्रात्यक्षिकात साखरेच्या अपघटनाचा वेगस्थिरांक काढला जातो. वलनाचे चिन्ह धनाचे ऋण का झाले, हे क्वचितच विचारले जाते. कोकमाचे आगळ मात्र ध्रुवणमापीच्या नळीत थेट भरून चालणार नाही. त्याचा गडद रंग प्रकाश अडवितो, फळातील शर्करा स्वतःचे वलन मिसळते आणि आम्लाचा काही भाग लॅक्टोनमध्ये रूपांतरित झालेला असतो.