शाळेच्या कपाटासाठी काही चित्रकथा

चित्रकथा म्हणजे वाचायचा कंटाळा असलेल्या मुलांची सोय, हा समज आपल्याकडे अजून पुरता गेलेला नाही. वेताळ आणि अमर चित्रकथा वाचून वाढलेली मुले पुढे शिक्षक झाली, तरी शाळेच्या ग्रंथालयाची यादी करताना चित्रकथा 'अवांतर' या सदराखालीच जाते. अलीकडच्या काही वर्षांत इंग्रजीत आलेल्या किंवा नव्याने छापल्या गेलेल्या पाच चित्रकथा आम्ही लागोपाठ वाचल्या. त्यांत शाळकरी मुलांची गोष्ट आहे, सागरी जीवांची ओळख आहे, अणुबॉम्बचा इतिहास आहे, ऊर्जेवरचा प्रबंध आहे आणि एका धरणाची कहाणी आहे. प्रत्येक पुस्तकाला आम्ही एकच प्रश्न विचारला: यातले चित्र काही समजावून सांगते, की नुसता बोलण्याचा फुगा धरून उभे राहते?

या प्रश्नाची पूर्वतयारी म्हणून रेना टेल्गेमायर आणि स्कॉट मॅक्लाउड यांचे 'द कार्टूनिस्ट्स क्लब' (२०२५) आधी वाचावे. चार मुले शाळेत चित्रकथांचे मंडळ काढतात, एवढीच गोष्ट. गोष्ट म्हणून ते बेताचेच आहे. सगळेच जण फार गुणी आहेत. पण चित्रकथा चालते कशी, हे ते अगदी सोपे करून सांगते. दोन चौकटींच्या मध्ये कोरी पट्टी असते. एका चौकटीत उगारलेला दगड, पुढच्या चौकटीत मडक्याचे तुकडे. मडके फुटताना कोणी काढलेलेच नसते. ते वाचक फोडतो. विज्ञान शिकवणाऱ्याने या पट्टीकडे नीट पाहावे. कारण आणि परिणाम यांची सांगड तिथे वाचक स्वतःच घालतो, आणि स्वतः घातलेल्या सांगडीबद्दल माणूस सहसा शंका घेत नाही.

ही ताकद आणि हा धोका दोन्ही एकत्र पाहायचे तर 'वर्ल्ड विदाउट एन्ड' वाचावे. ज्यां-मार्क जांकोव्हिसी हे अभियंते आणि क्रिस्तोफ ब्लँ हे चित्रकार यांचे हे मूळ फ्रेंच पुस्तक २०२१ साली आले आणि २०२२ साली फ्रान्समध्ये सर्वाधिक खपलेले पुस्तक ठरले. इंग्रजी अनुवाद २०२४ चा. ऊर्जा, हवामानबदल आणि आपले रोजचे राहणीमान हा विषय. यंत्रांमुळे माणसाच्या अंगी आलेले बळ दाखवायला चित्रकाराने चिलखत घातलेला एक महाबली योजला आहे. तो पानापानांवर भेटतो, आणि ऊर्जा म्हणजे विजेच्या बिलावरचा आकडा नसून आपल्यासाठी राबणारे हात आहेत हे मनावर ठसते. असे चित्र व्याख्येपेक्षा जास्त शिकवते.

मात्र चित्र पाहून झाल्यावर वर्गात आकडेमोड करावीच. साठ किलो वजनाचा माणूस आतकरवाडीहून सिंहगड चढतो तेव्हा तो सुमारे ६०० मीटर उंची गाठतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले हे काम साधारण साडेतीन लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या युनिटचा जेमतेम दहावा भाग. एका लिटर पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणारी उष्णता सुमारे नऊ युनिट भरते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये नव्वद वेळा गड चढण्याइतकी ऊर्जा आहे! पण थांबा. गाडीचे इंजिन त्यातला पाव भागच कामाला लावते, तेव्हा हिशेब वीस-बावीस चढायांवर येतो. तरीही आकडा थक्क करणारा आहे. उष्णता आणि काम यांतला हा फरक चिलखतधारी महाबली आपण होऊन सांगत नाही. तो शिक्षकानेच सांगायला हवा.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. संपूर्ण पुस्तक हा दोघा लेखकांमधला संवाद आहे: ब्लँ विचारतात, जांकोव्हिसी उत्तरे देतात. विचारणारा फार गुणी विद्यार्थी आहे. तो चकित होतो, घाबरतो, पण अडून बसत नाही. त्यामुळे ऊष्मागतिकीचा नियम आणि लेखकाचे मत एकाच कुंचल्याने, सारख्याच ठामपणे रंगवले जाते. अणुवीज हवी हे मत मांडायला कोणाचीच हरकत नसावी. पण त्याविरुद्धचे आक्षेप पुस्तकात फारच झटपट निकालात निघतात, आणि फ्रान्समध्ये त्यावर टीकाही झाली. शेवटाकडे तर माणसाच्या हावरेपणाचे खापर मेंदूतल्या स्ट्रायटम या भागावर फोडले आहे. हा भाग हालचाली, सवयी, शिकणे अशा अनेक गोष्टींत गुंतलेला आहे. सगळ्या समाजाची उधळपट्टी त्याच्या माथी मारणे मेंदूविज्ञानाला धरून नाही. प्रबंधात असे वाक्य आले असते तर पुरावा मागितला गेला असता. इथे ते चौकटींमधल्या पट्टीतून अलगद निसटते. पुस्तक कपाटात जरूर असावे, पण विद्यार्थ्याच्या हाती देण्याआधी शिक्षकाने ते पेन्सिल घेऊन वाचलेले असावे.

'द बॉम्ब' (फ्रेंच २०२०, इंग्रजी २०२३) हे आल्कांत आणि बोले यांनी लिहिलेले, डेनिस रोडिए यांनी काळ्यापांढऱ्या रेषांत काढलेले साडेचारशेहून अधिक पानांचे पुस्तक. त्याचे निवेदन खुद्द युरेनियम करते. ही कल्पना आम्हाला आधी नाटकी वाटली, आणि काही ठिकाणी ती आहेच. मूलद्रव्याला इच्छा असल्यासारखे बोलू दिले की माणसांची जबाबदारी हलकी होते. पण पुस्तकाचे मोठेपण अन्यत्र आहे. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाला त्याने मध्यभागी आणले आहे: १९३३ साली ज्याला साखळी-अभिक्रियेची कल्पना सुचली, अमेरिकेने बॉम्ब करावा म्हणून ज्याने खटपट केली, आणि १९४५ साली तो जपानवर टाकू नये म्हणून ज्याने सह्या गोळा केल्या. एका माणसाचे हे बारा वर्षांतले वळण पाठ्यपुस्तकात दोन ओळींतही येत नाही.

हिरोशिमातल्या बँकेच्या पायऱ्यांवर उरलेली माणसाची सावली सर्वांना ठाऊक आहे. ती कोणाची, याची कथा या लेखकांनी कल्पनेने रचली आहे. तो कथेचा हक्क आहे. शिक्षकाने मात्र एक खुलासा करावा. 'माणसाची वाफ झाली आणि डाग राहिला' असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. स्फोटाच्या प्रखर उष्णतेने भोवतालचा दगड फिका पडला. माणसाच्या आडोशामुळे जो भाग वाचला तो गडद राहिला. म्हणजे ती खरोखरच सावली आहे. हे पान दहावीच्या वर्गात प्रकाशाचे सरळ रेषेतले गमन शिकवताना दाखवता येईल. दाखवावे का, हे ज्याने त्याने आपला वर्ग पाहून ठरवावे.

मारिस विक्स यांच्या 'कोरल रीफ्स' (२०१६) बद्दल थोडक्यात. एक छोटासा पिवळा मासा वाचकाला प्रवाळांच्या वस्तीत फिरवतो. प्रवाळ ही वनस्पती नव्हे, दगडही नव्हे, तो प्राणी आहे, हे चित्रांतून चटकन उमगते. काही पाने माहितीने ठासून भरली आहेत. तिथे मासा मुका झाला असता तर बरे झाले असते. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, तेव्हा कोकणातल्या शाळांना ते विशेष जवळचे वाटेल.

शेवटचे पुस्तक जुने असून नवे आहे. ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली 'कल्पवृक्ष' या संस्थेने काढले होते. अनेक वर्षे दुर्मीळ असलेले हे पुस्तक २०२२ साली चेन्नईच्या 'ब्लाफ्ट'ने पुन्हा छापले. धरणाचे नाव काल्पनिक असले तरी नर्मदा ओळखायला वेळ लागत नाही. एका पदरात मालगू गायन हा गायक सृष्टीच्या उत्पत्तीची कथा गातो. दुसऱ्या पदरात विष्णू हा तरुण पत्रकार धरणाचा शोध घेत हिंडतो. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर आणि वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॉट, हे आपण भूगोलाच्या तासाला सांगू शकतो. महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, ३३ गावे बुडिताखाली आली, हा आकडाही सांगता येतो. पण बुडणाऱ्या गावाबरोबर नदीची गाणीही जातात, आणि ती कोणत्या एककात मोजायची, हा प्रश्न या चित्रांशिवाय आम्हाला तरी नीट पडला नसता.

धरण हवे असलेल्या, कच्छ-सौराष्ट्रातल्या तहानलेल्या माणसाला इथेही फारशी जागा नाही. मग फ्रेंच पुस्तकाला लावलेला निकष याला का लावू नये? लावावा. फरक एवढाच, की सेन यांचे पुस्तक एका बाजूने उभे राहून गोष्ट सांगते आणि तसे ते लपवत नाही. जांकोव्हिसींचे पुस्तक फळ्यासमोर उभे राहून बोलते.

ही सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत आणि मराठी शाळेच्या खर्चाच्या मानाने महाग आहेत. पाच घेणे जमत नसेल तर 'रिव्हर ऑफ स्टोरीज' आधी घ्यावे. भाषेच्या अडचणीवर एक उपाय सुचतो. पानावरच्या फुग्यांवर कोऱ्या कागदाचे तुकडे ठेवावेत आणि मुलांना चित्र पाहून मराठीत संवाद लिहायला सांगावे. नंतर कागद काढून मूळ मजकुराशी ताडून पाहावे. कुठे जुळले आणि कुठे नाही, यावर एक तास सहज जाईल.