न खेळलेल्या खेळाची थोरवी

‘बँडरस्नॅच’ हा संगणक-खेळ बाजारात कधी आलाच नाही. तरीही जुन्या घरगुती संगणकांचे शौकीन त्याला हरवलेला थोर खेळ मानतात. आम्हाला हे पटत नाही.

लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरने १९८४ मध्ये त्याच्या जाहिराती छापल्या, तेव्हा खेळ तयारच नव्हता! झेडएक्स स्पेक्ट्रमची स्मृती जेमतेम ४८ किलोबाइट. ती अपुरी पडणार, म्हणून संगणकाला जोडायचा जादा यंत्रभाग खेळासोबतच विकायचा बेत होता. किंमत सुमारे ४० पौंड. एरवी कॅसेटवरचा खेळ याच्या पाव किमतीतही मिळे. जुलै १९८४ मध्ये कंपनी बुडाली. नेमके तेव्हाच बीबीसीचे चित्रीकरण तिथे चालू होते, त्यामुळे ही फजिती घरोघरी दिसली.

म्हणजे स्मृती कमी पडली म्हणून खेळ फसला का? तसे म्हणता येत नाही. त्याच कल्पनेतून सिग्नोसिस कंपनीने १९८६ मध्ये ‘ब्रटाकस’ काढला, तोही स्पेक्ट्रमच्या दहापट स्मृती असलेल्या अटारी एसटीसारख्या संगणकांवर. त्यातली पात्रे आपापल्या कामाने हिंडतात, फुग्यांतून बोलतात. हे खरोखर नवे होते. पण नायकाला नुसते वळवायचे, तरी माउसला हिसके देण्याची कसरत करावी लागते.