दिवाळीच्या किल्ल्यावरील सैनिक : लघुप्रतिमा, संग्रह आणि नागपूरचे इतिहासभान

प्रस्तावना

खेळण्यातील सैनिक जमविणे हा युरोपात दीर्घकाळ रुजलेला छंद आहे. इ. स. १८९३ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत प्रचारात आणली. पोकळ ओतकामामुळे धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि सैनिकांची पेटी मध्यमवर्गीय मुलांच्या हाती आली. ५४ मिलिमीटर ही या सैनिकांची उंची पुढे संग्राहकांमध्ये प्रमाण मानली गेली. ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानी घोडदळाच्या पलटणीही या पेट्यांमध्ये होत्या. शिसे विषारी असल्यामुळे, तसेच प्लॅस्टिक स्वस्त पडू लागल्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशाचा सैनिक मुलांच्या हातून गेला आणि प्रौढ संग्राहकाच्या काचेच्या कपाटात स्थिरावला.

सर्वसामान्य मराठी घरात या पेट्यांचा छंद रुजला नाही. तेथे सैनिक आला तो दिवाळीच्या किल्ल्याबरोबर. दगड, विटा, गोणपाट आणि माती यांतून अंगणात उभ्या राहिलेल्या या किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, माथ्यावर छत्रपती शिवाजी महाराजांची बैठी मूर्ती येते आणि बुरुजाबुरुजावर मावळे उभे राहतात. नागपुरातही दिवाळीत असे किल्ले बांधले जातात. हा मावळा म्हणजे मराठी समाजाची सर्वाधिक परिचित लष्करी लघुप्रतिमा होय. ही प्रतिमा इतिहासाविषयी काय सांगते, काय वगळते आणि नागपूरसारख्या शहरात या वगळण्याचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संग्रह आणि मांडणी

लघुप्रतिमेविषयीच्या पाश्चात्त्य विवेचनात काही भूमिका महत्त्वाच्या आहेत. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मोठी वस्तू समजून घेताना मनुष्य भागांकडून संपूर्णाकडे जातो. लहान प्रतिकृतीत मात्र संपूर्ण आधी हाती येते आणि भाग नंतर. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ च्या ग्रंथसंग्रहाविषयीच्या निबंधात संग्राहक आणि वस्तू यांच्यातील मालकीच्या जिव्हाळ्याकडे लक्ष वेधले. सुझन स्टुअर्ट यांनी १९८४ मध्ये लघुरूप, स्मरणवस्तू आणि संग्रह यांची चिकित्सा करताना दाखवून दिले की, संग्रहात आलेली वस्तू आपल्या मूळ संदर्भातून सुटते आणि संग्रहाच्या बंदिस्त जगात नवा अर्थ धारण करते.

या विवेचनाच्या कसोटीवर दिवाळीचा मावळा पूर्णपणे उतरत नाही. तो वर्षभर कपाटात दिसत नाही. दिवाळी संपली की वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तो डब्यात आणि डबा माळ्यावर जातो. पुढच्या वर्षी डबा उघडल्यावर कोणाचा हात तुटलेला असतो, कोणाची तलवार गळालेली असते. तुटलेल्यांना मागच्या बाजूस उभे केले जाते, चार-दोन नव्यांची भर पडते. म्हणजे येथेही संग्रह आहे आणि तो पिढीजातही असू शकतो. परंतु त्याचे मूल्य दुर्मिळतेवर किंवा अखंडतेवर अवलंबून नाही. प्रतिवर्षी नव्याने होणारी मांडणी हेच त्याचे प्रयोजन आहे. किल्ला मोडतो आणि सैनिक उरतात. पण किल्ल्यावाचून त्या सैनिकांना अर्थ नसतो. पाश्चात्त्य संग्राहक मूळ संदर्भापासून वस्तू सोडवितो, तर दिवाळीत किल्ला बांधणारे मूल तिच्यासाठी दरवर्षी संदर्भ निर्माण करते.

या संदर्भात प्रमाणबद्धतेचा मुद्दाही लक्षणीय आहे. मावळा १० सेंटिमीटर उंचीचा धरला, तर मूळ मनुष्याशी त्याचे प्रमाण सुमारे १७ पटींनी लहान ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड याच प्रमाणात बांधावयाचा झाल्यास तो ४८ मीटरांहून उंच, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा होईल. अंगणातील किल्ला जेमतेम कमरेइतका असतो. साहजिकच मावळा बुरुजापेक्षा मोठा, वाघ गुहेपेक्षा मोठा आणि पायथ्याची पाणी भरणारी बाई दरवाजापेक्षा उंच असते. हा दोष नव्हे. ज्याचे महत्त्व अधिक त्याचा आकार मोठा, हा न्याय भारतीय शिल्पपरंपरेला अपरिचित नाही. किल्ल्यावर हिरवा प्लॅस्टिकचा बंदूकधारी जवान मावळ्याशेजारी पहारा देतो, तेव्हा मूल कालविपर्यास करते हे खरे. पण ‘रक्षण करणारा’ या एका अर्थाखाली ते तीन शतके एकत्र आणत असते.

वीरगळ, टाक आणि मावळा

मराठी मुलुखात योद्ध्याची लहान प्रतिमा घडविण्याची परंपरा दिवाळीच्या किल्ल्यापुरती सीमित नाही. गावोगावी आढळणारे वीरगळ हे तिचे पाषाणरूप होय. वीरगळाच्या शिळेवर सामान्यतः एकावर एक कप्पे असतात. खालच्या कप्प्यांत लढाई आणि धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाचे पूजन असा क्रम दिसतो. देवघरातील धातूच्या पत्र्यावर ठोकून उठविलेले टाक हे दुसरे रूप. घोड्यावर स्वार झालेला खंडोबा किंवा कुळातील वीरपुरुष या हाताच्या बोटांएवढ्या पत्र्यावर कोरलेला असतो. टाक हौसेने जमविला जात नाही. तो वारशाने येतो.

या दोन्ही परंपरांशी मावळ्याची तुलना केल्यास एक महत्त्वाचा फरक दिसून येतो. वीरगळात शत्रू आहे आणि मृत्यूही आहे. वीर पडला म्हणूनच शिळा उभी राहिली. वीराच्या टाकातही गेलेल्या पूर्वजाची आठवण आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र सहसा ना शत्रू असतो, ना मृत्यू. तेथे लढाई चाललेली नसते; पहारा असतो, दरबार असतो, पायथ्याशी नांदते गाव असते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तक लिहिले. त्या खेळाला दोन बाजू लागतात, एकीला हरावे लागते. खेळातले युद्ध पाहिले की खरे युद्ध किती मूर्खपणाचे आहे हे कळते, असा त्यांच्या पुस्तकाचा रोख होता. दिवाळीच्या किल्ल्याला मात्र एकच बाजू आहे. तो युद्धाचा खेळ नसून राज्याच्या सुरक्षिततेचे चित्र आहे.

यातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष संभवतात. रोलां बार्थ यांनी १९५७ मधील लेखसंग्रहात फ्रेंच खेळण्यांविषयी तक्रार केली होती की, ती प्रौढांचे जग, त्यातील सैन्यासह, मुलांना नैसर्गिक म्हणून स्वीकारायला लावतात. त्या तुलनेत हिंसेऐवजी रयतेची वस्ती दाखविणारा किल्ला अधिक सौम्य ठरतो. दुसरीकडे, शत्रू नसलेला सैनिक हा प्रश्न नसलेला सैनिक असतो. तो कोणाशी लढला, कोणासाठी लढला आणि त्याच्या लढण्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याची सोय या मांडणीत नाही.

नागपूरचा अनुपस्थित सैनिक

हा प्रश्न नागपुरात अधिक तीव्र होतो. दिवाळीचा किल्ला हा सह्याद्रीतील गिरिदुर्गाचा नमुना आहे. नागपूर मैदानी प्रदेशात वसले असून त्याचा लष्करी इतिहास निराळा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसविले. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब सैनिक होते आणि लहान टेकडी त्यांनी काही काळ जिंकूनही घेतली होती. अखेरीस पराभव झाला. येथील किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्याच दिवशी नागरिकांना आत प्रवेश मिळतो. विदर्भाच्या उत्तर सीमेवरील गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी दुसऱ्या रघुजींना देवगावचा तह करावा लागला.

यांपैकी काहीही अंगणातील मातीत उतरलेले सहसा दिसत नाही. गोंड सैनिक, अरब तोफची, भोसल्यांचा स्वार यांची लघुप्रतिमा बाजारात मिळत नाही. याचे एक कारण व्यावहारिक आहे. ज्या साच्याला मागणी असते तोच साचा टिकतो. परंतु दुसरे कारण आशयाचे असावे. मावळ्याची कथा स्वराज्यस्थापनेची, म्हणून आरंभाची आणि यशाची आहे. नागपूरच्या सैनिकाची कथा इतकी सरळ नाही. तीत पराभव आहे, पगारी परदेशी सैनिक आहेत आणि बंगालवरील स्वाऱ्याही आहेत. पहिल्या रघुजींच्या काळात, १७४१ ते १७५१ या दशकात, भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये वारंवार उतरल्या. सरकारी घोड्यावर लढणाऱ्या स्वाराला मराठीत ‘बारगीर’ म्हणत. त्यावरून तेथे ‘बर्गी’ हा शब्द रूढ झाला. बर्गींच्या धास्तीचा उल्लेख असणारे अंगाईगीत बंगाली घरांत आजही परिचित आहे आणि गंगाराम या समकालीन कवीने या स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्य रचले. एका प्रांतातील मुलाच्या खेळण्यात जो रक्षणकर्ता असू शकला असता, तो दुसऱ्या प्रांतातील मुलाच्या अंगाईत भीतीचे कारण झाला, ही इतिहासाची गुंतागुंत आहे. खेळण्यातून ती पूर्णपणे वगळली गेल्यास इतिहास अभिमानापुरता उरतो.

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. छत्रपती शिवाजी महाराज हे सर्व महाराष्ट्राचे आराध्य आहेत. त्यामुळे नागपूरच्या अंगणातील मावळा परका कसा म्हणता येईल? हा आक्षेप रास्त आहे. मावळा परका नाही. तो एकटा आहे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. शिवकालीन लष्करातही बारगीर आणि शिलेदार असा भेद होता, आरमारात दौलतखानासारखे अधिकारी होते. एका साच्यातून निघालेल्या मावळ्यात ही विविधताही हरवते.

नागपूरला स्वतःची लघुप्रतिमा घडविता येत नाही असेही नाही. तान्हा पोळा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दुसऱ्या रघुजींच्या काळात सुरू झाल्याचे परंपरेने मानल्या जाणाऱ्या या सणात मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मिळवितात. शेतीचे जग येथे लहान झाले, स्थानिक राहिले आणि कारागिरांना कामही देत राहिले. महालातील चितार ओळ मूर्तिकामासाठी प्रसिद्ध आहे. कौशल्य जवळ आहे. विषयाची निवड मात्र झालेली नाही.

अचूकतेचा आग्रह

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात व एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. विदर्भातील एकही किल्ला या यादीत नाही. या गौरवामुळे दिवाळीत या १२ किल्ल्यांच्या अचूक प्रतिकृती करण्याकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. त्यातून मुले नकाशे पाहतील, माची आणि बालेकिल्ला यांतील भेद शिकतील, हा लाभच आहे. तथापि, अचूकता हाच एकमेव निकष झाला, तर तयार किल्ला विकत आणणे हा सोपा मार्ग ठरेल. आणि तुटक्या मावळ्याला मागे उभे करणारे, वाळताना भेगाळणाऱ्या काळ्या मातीला रोज पाण्याचा हात फिरविणारे मूल खेळाबाहेर जाईल. शिवाय ही अचूकता वास्तूची असेल. माणसांची असेलच असे नाही. बुरुजांची संख्या बिनचूक आणि त्यावरील सैनिक मात्र एकसारखे, अशी प्रतिकृती ज्ञानाचा आभास निर्माण करते.

समारोप व निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) दिवाळीच्या किल्ल्यावरील सैनिक हा पाश्चात्त्य अर्थाने संग्रहाचा विषय नसून वार्षिक मांडणीचा घटक आहे. त्यामुळे संग्रहविषयक सिद्धांत येथे तपासूनच वापरावे लागतात.

२) वीरगळ आणि वीराचा टाक या पूर्वपरंपरांमध्ये असलेले मृत्यूचे भान या सैनिकात नाही. ही त्याची सौम्यता आहे आणि मर्यादाही आहे.

३) नागपुरात ही प्रतिमा सह्याद्रीच्या भूगोलावर उभी आहे. गोंड राजवट, भोसले आणि सीताबर्डी यांचा इतिहास तिच्यात आलेला नाही.

४) प्रमाण आणि काळ यांविषयीचे मुलाचे स्वातंत्र्य जपूनच इतिहासाची व्याप्ती वाढविणे इष्ट आहे. त्यासाठी मावळा हटविण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी जागा करावयाची आहे.

महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि ललितकला विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून नागपूरच्या सैनिकांचे चार साचे घडवून घेतले, तरी या दिशेने आरंभ होऊ शकतो. असा एखादा मातीचा अरब तोफची किंवा गोंड सैनिक किल्ल्यावर उभा राहिला, की ‘हा कोण?’ असे कोणीतरी लहान मूल विचारेलच. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मोठ्यांना जो इतिहास पुन्हा वाचावा लागेल, त्यातच या लघुप्रतिमेचे खरे मोल आहे.