पाणवठ्याची चावडी

मराठी विकिपीडियावर संपादकांच्या सामाईक चर्चेसाठी जे पान आहे, त्याचे नाव ‘चावडी’. इंग्रजीत त्याच पानाला गावचा हापसा म्हणतात, म्हणजे आपला पाणवठा. मराठीत येताना पाणवठ्याची चावडी झाली. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू निर्मळच असणार; पण पाणवठा बायकांचा आणि चावडी पुरुषांची, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही.

अर्थात, नुसत्या नावाने काही होत नाही. इंग्रजीतला तो हापसाही चावडीच निघाला. विकिपीडियात लिहिणाऱ्यांत स्त्रिया 13 टक्क्यांहून कमी आहेत, ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी 2011 मध्ये दिली. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या कार्यकारी संचालक स्यू गार्डनर यांनी 2015 पर्यंत 25 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. ते गाठता आले नाही.

मला आकड्यापेक्षा त्यावरचा वाद महत्त्वाचा वाटतो. ही दरी बुजवण्यासाठी इंग्रजी विकिपीडियावर एक कार्यगट निघाला. तिथेही पुरुषांचे प्रश्न आलेच: दरी खरोखर आहे का, पुरावा काय, बायकांना रसच नसेल तर? जी आलीच नाही, तिच्या न येण्याचा पुरावा आलेल्या चारजणींकडे मागायचा! विकिपीडियावर निर्णय मतमोजणीने नव्हे, सहमतीने होतो. ऐकायला हे उदात्त आहे. व्यवहारात मात्र जो शेवटपर्यंत लिहीत राहतो, त्याचे म्हणणे सहमती ठरते. रात्री ओटा आवरून संगणकापुढे बसणारी बाई तेवढा वेळ कुठून आणणार? (मी हा लेख सलग तीन दुपारी निवांत लिहिला, हेही नोंदवतो.)

अखेर भांडण लवाद समितीपुढे गेले. डिसेंबर 2014 च्या निकालात कार्यगटात हिरिरीने बोलणाऱ्या एका स्त्री-संपादकाला विकिपीडियावरच बंदी झाली. फटकळपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका पुरुष-संपादकाला त्या विषयापुरती मनाई. तिचेही काही चुकले असेल. पण ही समिती संपादकांच्या वर्तनाचा निवाडा करते, विषयाचा नाही. त्यामुळे बायका इथे का टिकत नाहीत, या प्रश्नाचे रूपांतर एक बाई कशी बोलली, या प्रश्नात झाले. 25 टक्क्यांचे ते लक्ष्य गाठले गेले असते, तरी त्यात फक्त डोकी मोजली गेली असती. निवाड्याला कोण बसते, याचे लक्ष्य कुणी ठेवलेच नव्हते.