ठोकळे संपायला हवेत

वर्गात माइनक्राफ्ट आणलं की मुलं गणित आपोआप शिकतात, असं तुम्हीही कुठंतरी वाचलं असेल. पीएचडीच्या कामामुळे मला तर ते सतत वाचावं लागतं. आज त्या 'आपोआप'शी जरा भांडायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०११ मध्ये न्यूयॉर्कमधले शिक्षक जोएल लेव्हिन यांनी दुसरीच्या मुलांबरोबर हा खेळ वापरायला सुरुवात केली. पुढे फिनलंडमधल्या मंडळींच्या साथीने 'माइनक्राफ्टएज्यु' ही शाळांसाठीची आवृत्ती आली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती घेतली आणि त्याच वर्षी स्वतःची एज्युकेशन एडिशन काढली.

खेळातला प्रत्येक ठोकळा एक घनमीटरचा मानलेला आहे. घनफळ शिकवायला साहित्य म्हणून हे छानच आहे. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

आता एक उदाहरण बघू. मुलांना सांगितलं, बाहेरून ५×५×५ मापाची, आतून पोकळ, जमीन आणि छतासकट सगळीकडून बंद खोली बांधा. भिंत एका ठोकळ्याएवढी जाड. किती ठोकळे लागतील? पटकन सुचतं ते असं: एका बाजूला २५, बाजू सहा, म्हणजे १५०. तुम्हीही हेच म्हणालात का? खरं उत्तर ९८ आहे. भरीव घनाला १२५ ठोकळे लागतात, आतली पोकळी ३×३×३ म्हणजे २७, उरले ९८. १५० म्हणताना आपण कडांवरचे ठोकळे दोनदा आणि कोपऱ्यांवरचे तीनदा मोजले.

गोची इथेच आहे. क्रिएटिव्ह मोडमध्ये ठोकळे कधी संपतच नाहीत. त्यामुळे १५० म्हणणारं मूलही खोली बरोबरच बांधतं. चूक कुठेच अडत नाही. खोली झकास होते, फोटोही झकास येतो आणि डोक्यातले १५० जागच्या जागी राहतात. या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांत मुलांचा उत्साह आणि शिक्षकांचं मत मोजलेलं असतं. पण 'आवडलं का?' असं विचारून 'समजलं का?' याचं उत्तर कसं मिळणार?

मग करायचं काय? सर्व्हायव्हल मोड लावा, राक्षस बंद ठेवा. आधी प्रत्येकाला अंदाज कागदावर लिहायला लावा आणि मग लाकडी फळ्यांचे मोजून ९८ ठोकळे द्या: ६४ चा एक पूर्ण गठ्ठा आणि वर ३४. चुकून भलतीकडे लागलेला ठोकळा हाताने फोडून परत घेता येतो. १५० लिहिणारं मूल आधी कुरकुरेल, 'पुरणार नाहीत!' म्हणेल. शेवटचा ठोकळा बसून खोली पूर्ण झाली की ते स्वतःच्या कागदाकडे बघेल. धडा तिथून सुरू होतो आणि तेव्हा शेजारी शिक्षक हवेत.

'अहो, मग खेळाची मजाच गेली की!' असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. दिवाळीत किल्ला केला असेल तर आठवून बघा. माती संपत आली की बुरूज लहान करायचा की तट, यावर केवढी चर्चा व्हायची! मजा त्यातही होतीच ना?

म्हणून, पुढच्या वेळी कुणी अशा वर्गाचे फोटो दाखवले तर कौतुक जरूर करा. फक्त एवढं विचारा: यात मूल नेमकं कुठे अडलं होतं?